पिंग जातो, पण रूट येत नाही: शेजारच्या राउटरचा अपडेट कुठे अडकतो ते कसं शोधायचं

रात्रीचे साडेबारा. अंधेरी पूर्वेच्या ऑफिसात चेंज विंडो (बदल करायला ठरवून दिलेली वेळ) सुरू होऊन अर्धा तास झालेला, शेवटच्या लोकलचा नाद आम्ही कधीच सोडलेला. महापेच्या शाखेची जुनी लीज लाइन काढून नवी जोडली होती. माझ्या हाताखालचा मुलगा खुशीत म्हणाला, "सर, पिंग मस्त येतोय. शंभरपैकी शंभर." मी विचारलं, "आणि रूट किती आले?" तो गप्प.

पुढची वीस मिनिटं त्याने अंधेरीच्या राउटरवरचं ईआयजीआरपी या रूटिंग प्रोटोकॉलचं कॉन्फिगरेशन पुसलं, पुन्हा टाइप केलं, परत पुसलं. दोष होता महापेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तो दोष कोणता होता ते पुढे त्याच्या जागी सांगतो, कारण ती जागा आली की तो आपोआप सापडतो. हा लेख त्या जागांबद्दल आहे.

राउटर एकमेकांना अपडेट पाठवून आपल्याकडून कोणत्या नेटवर्कला जाता येतं ते कळवतात; अशी प्रत्येक वाट म्हणजे रूट, आणि हे बोलणं ज्या नियमांनी चालतं तो रूटिंग प्रोटोकॉल. दोन राउटर एका तारेने जोडलेले असतात, दोघांवर एकच प्रोटोकॉल चालू असतो, तरी एकाचे रूट दुसऱ्याकडे पोहोचत नाहीत. अशा वेळी चार प्रश्न, याच क्रमाने: अपडेट तिकडून निघाला का? इकडे पोहोचला का? इकडच्याने तो आत घेतला का? आणि आत घेतल्यावर रूटिंग टेबलात बसला का? एका प्रश्नाचं उत्तर पुराव्यासकट मिळेपर्यंत पुढच्या प्रश्नाला हात लावायचा नाही. आणि अपडेट कुठे अडलाय ते कळेपर्यंत कॉन्फिगरेशन बदलायचं नाही. खालच्या पहिल्या दोन पायऱ्या तार आणि पत्ते तपासण्याच्या, पुढच्या चार या चार प्रश्नांच्या.

उदाहरणं सिस्कोच्या राउटरवर चालणाऱ्या आयओएस या प्रणालीची आहेत, कारण मुंबईत नोकरीला लागणारा बहुतेकजण त्यावरच शिकलेला असतो. मायक्रोटिकचा राउटर किंवा लिनक्सवरचं एफआरआर हे रूटिंगचं सॉफ्टवेअर असेल तर कमांड बदलतील, प्रश्न तेच राहतील.

पिंगवर विसंबू नका

पिंग हा एका ठरावीक पत्त्याला मारलेला आवाज आहे: आयसीएमपीचं पॅकेट जातं, उत्तर येतं. रूटिंगचे अपडेट असे जात नाहीत. नेहमी भेटणारे रूटिंग प्रोटोकॉल तीन: आरआयपी, ईआयजीआरपी आणि ओएसपीएफ. आरआयपीची दुसरी आवृत्ती २२४.०.०.९ या मल्टिकास्ट (एका गटाला एकदम बोलायच्या) पत्त्यावर यूडीपी पोर्ट ५२० वापरून बोलते. ईआयजीआरपी २२४.०.०.१० वर बोलतो, आणि त्याला टीसीपी-यूडीपी (आयपीवर माहिती वाहून नेण्याच्या नेहमीच्या पद्धती) काही लागत नाही. आयपीच्या डोक्यावर थेट प्रोटोकॉल क्रमांक ८८. ओएसपीएफचा क्रमांक ८९, पत्ते २२४.०.०.५ आणि २२४.०.०.६. आरआयपीची पहिली आवृत्ती तर सरळ ब्रॉडकास्ट करते, म्हणजे सगळ्यांनाच ओरडून सांगते. पिंग यशस्वी झाला म्हणजे तार जिवंत आहे आणि त्या एका पत्त्याला उत्तर मिळतंय, एवढंच कळलं.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन ज्याला रोज "काय साहेब" म्हणतो, तोच माणूस पार्सल घेऊन आला की रजिस्टर पुढे करतो: नाव, फ्लॅट नंबर, सही. राउटरही अपडेटच्या बाबतीत तसाच वागतो. कुठून आलास, कोणत्या आवृत्तीचा, पासवर्ड काय, आपल्या सबनेटचा (पत्त्यांच्या आपल्याच गटातला) आहेस का. पिंगला यातलं काहीच विचारलं जात नाही.

हात लावण्याआधी

दोन खिडक्या उघडा, एकात हा राउटर, दुसऱ्यात तो. एकाच बाजूचं बघून निदान करणं म्हणजे फोनवर एकाच माणसाचं बोलणं ऐकून भांडण कोणाचं ते ठरवणं. समोरचा राउटर दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्या माणसाला फोनवर घ्या आणि आउटपुट मागा. "सगळं ठीक आहे" हे आउटपुट नव्हे.

दोन्हीकडचं चालू कॉन्फिगरेशन फाइलमध्ये काढून ठेवा. लांबचा राउटर त्याच लिंकवरून हाताळत असाल तर आधी 'रीलोड इन २०' द्या. म्हणजे तुमच्याच चुकीने दार बंद झालं तर वीस मिनिटांनी राउटर स्वतः चालू होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर परत येईल. काम जमलं की 'रीलोड कॅन्सल'. या मधल्या वेळात चुकूनही सेव्ह करू नका, नाहीतर ती दोरी तुम्हीच कापली. रात्री दीडला टॅक्सी करून महापेला जाण्याचा अनुभव एकदा घेतला की ही सवय आयुष्यभर टिकते.

पहिली पायरी: तार खरंच थेट आहे का

'शो आयपी इंटरफेस ब्रीफ'. लिंकच्या इंटरफेसपुढे, म्हणजे राउटरच्या त्या पोर्टपुढे, दोन्ही रकान्यांत 'अप' हवं. पहिला अप आणि दुसरा डाउन असेल तर प्रोटोकॉलचा विषयच नाही. सीरियल लिंकवर एका टोकाला एचडीएलसी आणि दुसऱ्याला पीपीपी (तारेवर बोलायच्या दोन वेगळ्या पद्धती) असेल तर असंच दिसतं. लॅबमधल्या सीरियल केबलला डीसीई टोकावर (वेळेचा ठोका देणाऱ्या टोकावर) क्लॉक रेट द्यायचा राहिला तरी तेच.

पण खरी गंमत 'अप, अप' दिसतं तेव्हा असते. नकाशावर एक सरळ रेघ असते, प्रत्यक्षात ऑफिसच्या शाफ्टमधला मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची तार आणि फायबर जोडणारा डबा), पुरवठादाराचा स्विच, रस्त्याखालची फायबर, पुन्हा स्विच, पुन्हा कन्व्हर्टर. आपल्या राउटरला फक्त शेजारच्या कन्व्हर्टरचा दिवा दिसतो. पावसाळ्याआधी रस्ते खणताना फायबरच्या जोडीतला एकच धागा तुटला, आणि कन्व्हर्टरला हा दोष पुढे कळवायची सोय नसली, तर इंटरफेस दोन्हीकडे हिरवे राहतात आणि वाहतूक एकाच दिशेने चालते. या एकतर्फी लिंकची खूण पुढे सांगतोच.

म्हणून पुढची कमांड 'शो सीडीपी नेबर्स डिटेल'. सीडीपी ही सिस्कोच्या उपकरणांनी शेजाऱ्याला स्वतःची ओळख सांगायची पद्धत. तो आयपीच्या खालच्या थरावर चालतो, त्यामुळे पत्ते चुकलेले असले तरी शेजारी दिसतो आणि त्याने स्वतःला कोणता पत्ता लावलाय तेही सांगतो. अर्धे दोष मला इथेच सापडतात. समोर ज्याची अपेक्षा होती तो राउटर नसून मधलाच स्विच दिसला, तर लिंक थेट नाही हे उघड झालं. आणि पुरवठादाराच्या उपकरणांनी सीडीपी गिळलाच, तर काही दिसणार नाही; तेवढ्यावरून लिंक मेली असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी पायरी: पत्ता, मास्क आणि तो दुसरा पत्ता

'शो आयपी इंटरफेस' किंवा 'शो रनिंग कॉन्फिग इंटरफेस' दोन्हीकडे चालवा आणि कागदावर लिहा. डोळ्यांनी वाचून "बरोबर आहे" म्हणू नका, लिहा.

आमच्या महापेच्या राउटरवर नवा पत्ता १०.१.१२.२, मास्क ३० (पत्त्यातले पहिले ३० बिट सबनेटचे), व्यवस्थित होता. पण तो 'सेकंडरी' म्हणून टाकलेला. जुन्या लाइनचा १७२.१६ मधला पत्ता अजून मुख्य पत्ता म्हणून बसलेला. "जुना काढला तर काही तुटेल" या भीतीने कोणीतरी तो तसाच ठेवला होता. अंधेरीहून १०.१.१२.२ ला पिंग मारला की उत्तर येणारच, पत्ता आहे ना तिथे. पण ईआयजीआरपीची हॅलो पॅकेट (शेजाऱ्याला "मी आहे" सांगणारी) निघताना मुख्य पत्त्याचं तोंड घेऊन निघतात. अंधेरीच्या राउटरला दिसत होतं की १७२.१६ चा कोणीतरी अनोळखी माणूस १०.१.१२ च्या दारात उभा आहे, आणि तो दर काही सेकंदांनी लॉगमध्ये ओरडत होता: 'नॉट ऑन कॉमन सबनेट'. लॉग कोणी उघडलाच नव्हता. मुख्य पत्ता बदलला, दहा सेकंदांत नेबर उभा राहिला.

आरआयपीतही हीच परीक्षा असते. अपडेट ज्या इंटरफेसवर आला त्याच्या सबनेटमधलाच पाठवणाऱ्याचा पत्ता हवा, नाहीतर आयओएस तो टाकून देतं आणि डीबगमध्ये (राउटर काय करतोय ते ओळीओळीने दाखवणाऱ्या नोंदीत) 'बॅड सोर्स' असं लिहितं. 'नो व्हॅलिडेट अपडेट सोर्स' लिहून ही तपासणी बंद करता येते. पण ती सोय फार थोड्या ठिकाणी योग्य असते; बाकी ठिकाणी ते दुखण्यावर मलम नाही, पडदा आहे. पत्ता दुरुस्त करा.

पीपीपीची एक खोडी इथेच सांगतो, कारण यात अनुभवी माणसंही फसतात. पीपीपी लिंक उभी राहताना दोन्ही टोकं एकमेकांना आपला पत्ता कळवतात, आणि सिस्को राउटर समोरच्या त्या एका पत्त्यासाठी ३२ मास्कचा रूट आपणहून टेबलात टाकतो. परिणाम असा की एका टोकाला १९२.१६८.१२.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१३.२, म्हणजे चक्क वेगळे सबनेट असले, तरी पिंग जातो! एचडीएलसीवर तो गेला नसता आणि चूक लगेच पकडली गेली असती. पीपीपीवर मात्र पिंग हसतो आणि आरआयपी रुसतो.

मास्कची चूक प्रत्येक प्रोटोकॉलला वेगळी लागते. एका टोकाला १०.१.१२.१ मास्क ३०, दुसऱ्याला १०.१.१२.२ मास्क २४ असेल, तर दोघांनाही समोरचा आपल्याच सबनेटमध्ये दिसतो. ईआयजीआरपी आणि आरआयपी याबद्दल तक्रार करणार नाहीत. इथरनेटवरचा ओएसपीएफ मात्र हॅलोमधला मास्क ताडून बघतो आणि नकार देतो. उलट एकाकडे १०.१.१२.१ मास्क २४ आणि दुसऱ्याकडे १०.१.१२.१३० मास्क २५ असेल, तर पहिल्याला दुसरा आपला वाटतो, दुसऱ्याला पहिला परका. आरआयपीत यातून अर्धवट प्रकार निघतो: एका बाजूला रूट येतात, दुसऱ्या बाजूला नाहीत.

तिसरी पायरी: अपडेट निघतो तरी का

इथे माझी लाडकी कमांड 'शो आयपी प्रोटोकॉल्स'. लोक सरळ 'शो रन' कडे धावतात आणि तीनशे ओळी चाळतात. ही कमांड एका पानात सांगते: कोणता प्रोटोकॉल चालू आहे, कोणत्या नेटवर्कसाठी, कोणता इंटरफेस पॅसिव्ह, कुठे फिल्टर लावलाय, कोणत्या शेजाऱ्याकडून शेवटचं कधी ऐकलं. काखेत कळसा असतो तो हाच.

ज्या इंटरफेसवरून लिंक जाते तो 'नेटवर्क' ओळीत खरंच येतो का ते पाहा. आरआयपी फक्त वर्गवार (पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून ठरणारं) नेटवर्क समजतो: तुम्ही १०.१.१२.० लिहिलंत तरी तो १०.०.०.० असंच नोंदवतो. ईआयजीआरपी आणि ओएसपीएफमध्ये वाइल्डकार्ड मास्क (कोणते बिट बघायचे नाहीत ते सांगणारा उलटा मास्क) असतो आणि तिथे एक आकडा चुकला की इंटरफेस बाहेर राहतो. ०.०.०.३ च्या जागी ०.०.०.० पडलं आणि पत्ता नेटवर्कचा लिहिला, की झालं.

पॅसिव्ह इंटरफेसचा अर्थ सगळीकडे सारखा नाही, हे लक्षात ठेवा. आरआयपीत पॅसिव्ह म्हणजे तोंड बंद, कान उघडे: अपडेट पाठवत नाही, पण आलेला घेतो. ईआयजीआरपी आणि ओएसपीएफमध्ये हॅलोच थांबतो, म्हणून शेजार जुळतच नाही. 'पॅसिव्ह इंटरफेस डिफॉल्ट' लिहून नंतर हवे ते इंटरफेस उघडण्याची पद्धत चांगली आहे, पण नवी लिंक नव्या पोर्टवर आली की ती उघडायची राहून जाते. लाइन बदलल्यावर रूट न येण्याचं हे फार नेहमीचं कारण.

आणखी एक, कमी माहीत असलेलं. ईआयजीआरपीत एका टोकाला 'नेबर' लिहून समोरचा पत्ता हाताने नेमला, तर त्या इंटरफेसवरचं मल्टिकास्ट बंद पडतं. समोरच्यानेही तसंच लिहिलेलं नसेल तर दोघं एकमेकांना कधीच ऐकत नाहीत. एकतर दोघांनी लिहा, नाहीतर कोणीच नको.

चौथी पायरी: पोहोचतो का

अपडेट ज्या पत्त्यावर जातो त्याच पत्त्यावर पिंग मारा. ईआयजीआरपी असेल तर 'पिंग २२४.०.०.१०', ओएसपीएफ असेल तर शेवटी ५, आरआयपी असेल तर ९. त्या इंटरफेसवर तो प्रोटोकॉल चालवणारा शेजारी उत्तर देतो. साधा पिंग चालतो आणि हा चालत नाही, तर दोन शक्यता: समोर प्रोटोकॉल त्या इंटरफेसवर चालूच नाही, किंवा मध्ये कोणीतरी मल्टिकास्ट खातंय. मधल्या स्विचने २२४.०.० ने सुरू होणारे हे पत्ते सगळीकडे सोडायला हवेत, पण चुकीच्या सेटिंगची उपकरणं ते अडवताना मी पाहिलीत.

ॲक्सेस लिस्ट (कोणतं पॅकेट सोडायचं, कोणतं अडवायचं याची यादी) बघताना दिशा नीट समजून घ्या. सिस्को राउटर स्वतः तयार केलेल्या पॅकेटला स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या ॲक्सेस लिस्टमधून गाळत नाही. म्हणजे पाठवणाऱ्याची 'आउट' लिस्ट निर्दोष, संशयित आहे घेणाऱ्याची 'इन' लिस्ट. तिच्यात टीसीपी, आयसीएमपी वगैरे परवानग्या छान लिहिलेल्या असतात (म्हणून तर पिंग चालतो), आणि शेवटची न दिसणारी 'डिनाय' ओळ ८८, ८९ किंवा यूडीपी ५२० गिळून टाकते. शेवटी स्वतः एक 'डिनाय आयपी एनी एनी लॉग' लिहिलंत तर मोजणी दिसू लागते. 'शो ॲक्सेस लिस्ट्स' दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा चालवा. आकडा वाढतोय? चोर सापडला.

आता मोठ्या पॅकेटांची गोष्ट, कारण माझ्या मते मुंबईतल्या लीज लाइनवर सगळ्यात जास्त वेळ हीच खाते. हॅलो पॅकेट लहान असतं, ते कुठूनही निसटून जातं. त्यामुळे शेजार जुळतो, सगळे खूश. मग खरा अपडेट निघतो, पूर्ण १५०० बाइटचा. पुरवठादाराने मध्ये आपले जादा टॅग लावलेले असतात आणि त्याच्या स्विचवर त्या जादा बाइटला जागा ठेवलेली नसते. मोठं पॅकेट गुपचूप पडतं. ईआयजीआरपीचा राउटर पोच मिळाली नाही म्हणून तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो, १६ प्रयत्नांनंतर 'रिट्राय लिमिट एक्सीडेड' म्हणून शेजार तोडतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. साधारण ८० सेकंदांनी उठणारा-पडणारा शेजारी दिसला तर हेच समजा, किंवा मघाची एकतर्फी लिंक. त्या वेळी 'शो आयपी ईआयजीआरपी नेबर्स' मध्ये 'क्यू काउंट' शून्यावर येत नाही, हीच ती खूण.

तपासायचं असं: 'पिंग १०.१.१२.२ साइज १५०० डीएफ बिट'. डीएफ बिट म्हणजे वाटेत पॅकेटाचे तुकडे करू नका. शंभर बाइटचा पिंग जातो आणि हा जात नाही, तर मार्ग अरुंद आहे. आकडा कमी करत जा, कुठे सुरू होतो ते लिहा आणि तो आकडा पुरवठादाराला द्या. "लाइन स्लो आहे" असं सांगितलंत तर तिकीट तीन दिवस फिरेल; "१४९६ जातो, १५०० पडतो" असं सांगितलंत तर पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

पाचवी पायरी: दारात आला, आत घेतला का

इथे प्रोटोकॉलनुसार रस्ते फुटतात.

आरआयपी. 'डीबग आयपी रिप' लावा आणि किमान एक मिनिट थांबा, कारण अपडेट दर ३० सेकंदांनीच निघतो. आवृत्ती ठरवून दिली नसेल तर आयओएस पहिली आवृत्ती पाठवतं आणि ऐकतं मात्र दोन्ही. समोरच्याने 'व्हर्जन २' लिहिलं असेल तर तो फक्त दुसरीच पाठवतो आणि दुसरीच ऐकतो. यातून तोच एकतर्फी प्रकार: तुमच्याकडे त्याचे रूट येतात, त्याच्याकडे तुमचे नाहीत, आणि दोष तुमच्या बाजूला असतो, जिथे सगळं छान दिसतंय. त्याच्या डीबगमध्ये 'इल्लिगल व्हर्जन' लिहून येतं. दोन्हीकडे 'व्हर्जन २' लिहा आणि विषय संपवा.

पासवर्ड जुळत नसेल तर 'इनव्हॅलिड ऑथेंटिकेशन' दिसेल. की-स्ट्रिंग डोळ्यांना अगदी सारखी दिसते आणि तरी जुळत नाही? शेवटी एक मोकळी जागा पेस्ट झालीय का बघा. आयओएस तिला पासवर्डचा भाग समजतं. एमडी५ (पासवर्ड उघड न पाठवता तो पडताळायची पद्धत) असेल तर की क्रमांकही सारखा हवा. कीला मुदत लावली असेल तर घड्याळ बघा: वीज जाऊन आली आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ लावायची सोय) नसला तर बरेच जुने सिस्को राउटर १ मार्च १९९३ या तारखेपासून जगायला लागतात. त्या तारखेला तुमची की जन्मलेलीच नसते.

ईआयजीआरपी. ऑटोनॉमस सिस्टिम क्रमांक (एकत्र बोलणाऱ्या राउटरांच्या गटाचा क्रमांक) सारखा, के-व्हॅल्यू (मार्गाची किंमत काढायचे गुणक) सारख्या, पासवर्ड सारखा, सबनेट एक. हॅलोचा वेळ वेगळा असला तरी चालतो. साध्या लिंकवर हॅलो ५ सेकंदांनी आणि होल्ड १५. के-व्हॅल्यू सहसा कोणी बदलत नाही, बदलल्या तर लॉगमध्ये स्पष्ट येतं. सिस्टिम क्रमांक चुकला तर मात्र काहीच येत नाही. शांतता. १०० आणि १००० यांतला फरक रात्री दोन वाजता दिसत नाही, म्हणून तो मोठ्याने वाचा.

ओएसपीएफ. हा सगळ्यात हट्टी आणि म्हणूनच सगळ्यात सोपा, कारण तो कुठे अडलाय ते 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' मध्ये अवस्थेच्या नावाने सांगतो. शेजारी दिसतच नाही, तर हॅलो येत नाही किंवा नाकारला जातोय: एरिया (ओएसपीएफच्या जाळ्याचा विभाग), हॅलो आणि डेड वेळ (इथरनेटवर १० आणि ४०, एनबीएमएवर, म्हणजे ब्रॉडकास्ट न चालणाऱ्या अनेकांच्या जाळ्यावर, ३० आणि १२०), मास्क, स्टब खूण (या एरियात बाहेरचे रूट येत नाहीत ही खूण), पासवर्ड. इथे वेळ जुळलाच पाहिजे, ईआयजीआरपीसारखी सूट नाही. 'डीबग आयपी ओएसपीएफ हॅलो' मध्ये 'मिसमॅच्ड हॅलो पॅरामीटर्स' ही ओळ आली की तिच्यातलं 'आर' म्हणजे समोरून आलेलं आणि 'सी' म्हणजे आपल्याकडे लिहिलेलं. 'डेड आर ४० सी १२०' दिसलं की अजून काय हवं?

'इनिट' वर अडलाय म्हणजे त्याचं मला ऐकू येतं, माझं त्याला नाही. चौथ्या पायरीवर परत जा आणि समोरच्याची 'इन' लिस्ट उघडा. 'टू-वे' वर थांबलाय तर घाबरू नका, अनेक राउटर असलेल्या इथरनेटवर दोन साध्या राउटरांमध्ये तेच योग्य आहे. पण दोनच राउटर असताना टू-वे म्हणजे दोघांनी प्रायॉरिटी शून्य लावून म्होरकेपण (त्या लिंकवरच्या 'डेझिग्नेटेड राउटर'ची जागा) नाकारलंय. 'एक्सस्टार्ट' किंवा 'एक्स्चेंज' वर घुटमळतोय तर एमटीयू (एका पॅकेटाची कमाल लांबी) ताडा. त्यावर 'आयपी ओएसपीएफ एमटीयू इग्नोअर' हा उपाय सगळे सांगतात. तो फक्त कॉन्फिगरेशनमधल्या आकड्यांचा वाद मिटवतो. मार्गच अरुंद असेल तर दोन्हीकडे १५०० लिहिलेलं असतं, वाद कुठे असतो? तिथे ही कमांड टाकून काही होत नाही, डेटाबेस मोठा झाला की गाडी एक्स्चेंज किंवा लोडिंगमध्ये पुन्हा रुतते. लॅबमध्ये चाललं आणि प्रत्यक्षात अडलं, याचं कारण अनेकदा हेच: लॅबचा डेटाबेस एका पॅकेटात मावतो.

सहावी पायरी: आत आला, पण टेबलात नाही

'शो आयपी रिप डेटाबेस', 'शो आयपी ईआयजीआरपी टोपॉलॉजी', 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस' यांत माहिती आहे आणि 'शो आयपी रूट' मध्ये नाही, तर भांडण आता घरातलं आहे. बहुतेक वेळा कोणीतरी जुना स्टॅटिक (हाताने लिहिलेला) रूट विसरलेला असतो. एकाच नेटवर्कसाठी कोणावर विश्वास ठेवायचा ते प्रशासकीय अंतर नावाच्या आकड्यावर ठरतं: स्टॅटिकचं १, ईआयजीआरपीचं ९०, ओएसपीएफचं ११०, आरआयपीचं १२०. कमी आकडा जिंकतो. ओएसपीएफ असेल तर डिस्ट्रिब्यूट लिस्टही (रूट गाळणारी यादी) याच टप्प्यावर बघा.

आरआयपीत हॉप (वाटेतल्या राउटरांची मोजणी) १५ पर्यंतच. १६ म्हणजे पोहोचण्यापलीकडे. त्याहून जास्त सतावतं ते आपोआप होणारं संक्षेपण. अंधेरीला १०.१.०.०, ठाण्याला १०.२.०.०, मधली लिंक १९२.१६८.१२.०. लिंकवरून जाताना दोन्ही राउटर आपापले सबनेट गुंडाळून "माझ्याकडे १०.०.०.० आहे" एवढंच सांगतात. समोरचा म्हणतो, मग माझ्याकडे काय आहे? ठाण्याचं १०.२ अंधेरीला कधीच नीट दिसत नाही. दुसरी आवृत्ती आणि 'नो ऑटो समरी', दोन्हीकडे.

ओएसपीएफमध्ये एक फसवं दृश्य असतं: शेजारी 'फुल', डेटाबेस भरलेला, आणि एकही रूट नाही. एका टोकाला नेटवर्क प्रकार ब्रॉडकास्ट, दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट. दोघांचे वेळ १० आणि ४० असल्यामुळे शेजार जुळतो, पण लिंकचं दोघांनी केलेलं वर्णन एकमेकांशी जुळत नाही आणि हिशेब पूर्ण होत नाही. डेटाबेसमध्ये 'ॲडव्हर्टायझिंग राउटर इज नॉट रीचेबल' शोधा. दोन राउटरांच्या लिंकवर मी दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंटच लावतो. म्होरक्याची निवडणूकही टळते.

डीबग आणि आवराआवर

डीबग लावण्याआधी 'नो लॉगिंग कन्सोल' आणि 'लॉगिंग बफर्ड'. कन्सोलवर अक्षरं सावकाश उतरतात आणि भरलेल्या राउटरचा जीव त्यातच जातो. एका वेळी एकच डीबग. काम झालं की 'अनडीबग ऑल', आणि तेही विसरून चहाला जायचं नाही.

दुरुस्तीनंतर लगेच "अजून येत नाही" म्हणत दुसरं काही बदलू नका. आरआयपीत पुढचा अपडेट यायलाच अर्धं मिनिट लागतं. जुना रूट होल्डडाउनमध्ये (रूट गेल्याचं कळल्यावर त्याबद्दल नवी माहिती न घेण्याच्या काळात) असेल तर १८० सेकंद, आणि पूर्ण पुसला जायला २४०. एवढ्या वेळात अधीर माणूस तीन नव्या चुका करतो आणि मग कोणत्या बदलाने काम झालं ते त्यालाही सांगता येत नाही.

सराव करायचा असेल तर पॅकेट ट्रेसर किंवा जीएनएस३ (संगणकावरच राउटर चालवून बघायची सॉफ्टवेअर) पुरतं. हाताला तार लागल्याशिवाय चैन पडत नसेल तर लॅमिंग्टन रोडवर चौकशी करून दोन जुने राउटर घ्या. मित्राला सांगा की तू एक दोष घाल, मला सांगू नकोस. सेकंडरी पत्ता, एक अतिरिक्त मोकळी जागा, एक पॅसिव्ह इंटरफेस. आमच्याकडे नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यात हेच होतं, आणि हरणाऱ्याने वडापाव आणायचा असतो.

त्या रात्री महापेचे सगळे रूट एक वाजून पाच मिनिटांनी आले. 'रीलोड कॅन्सल' दिलं, शेजाऱ्याचा 'अपटाइम' अर्धा तास अखंड वाढताना बघितला, १५०० बाइटचा पिंग हजार वेळा मारला, दोन्हीकडे सेव्ह केलं. त्या मुलाने नोंदवहीत लिहिलं: "मुख्य पत्ता जुना राहिला होता." मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: "लॉगमध्ये पहिल्या मिनिटापासून दिसत होतं."